एकाच नावाचे तीन नवरदेव

आमच्या धंद्यात सगळ्यात भरवशाचं ठिकाण म्हणजे गावातली दूध डेअरी. शेजाऱ्यांना विचारून उपयोग नसतो, कारण त्यांचा बांध मुलाच्या घराच्या बांधाला लागून असतो. सरपंचाला विचारलं तर तो सगळ्यांनाच चांगलं म्हणतो, त्याला मतं हवी असतात. डेअरीत मात्र रोज दोन वेळा त्या घरचं माणूस किटली घेऊन येतं. म्हातारा येतो की सून येते, रांगेत उभं राहून कसं बोलतात, दुधात पाणी घालतात का, हे डेअरीवाल्याला न सांगता कळतं.

माझा धंदा म्हणजे वधू-वर सूचक केंद्र. सांगलीत विश्रामबागला, कॉलेजच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर एक खोली आहे. सांगली, मिरज, कवठे महांकाळ, इकडे आष्टा-इस्लामपूर आणि वर कऱ्हाड-साताऱ्यापर्यंतची स्थळं माझ्याकडे येतात. मराठा, जैन, लिंगायत, धनगर, सगळ्या समाजांची. लोकांना वाटतं, ही बाई फोटो दाखवते, पत्रिका जुळवते आणि मध्ये बसून चहा पिते. फोटो दाखवायला आता मी लागतच नाही. माझं खरं काम चौकशीचं. समोरच्यानं कागदावर जे लिहिलंय ते खरं आहे का, आणि जे लिहिलं नाही ते काय आहे, एवढंच शोधायचं.

मी हे काम सुरू केलं तेव्हा चौकशीची एक ठरलेली रीत होती. मुलीचा मामा किंवा चुलता मुलाच्या गावी जायचा आणि म्हैस बघायला आलोय म्हणून सांगायचा. म्हैस बघायची म्हटलं की गोठ्यात जाता येतं, गोठ्यातून घर दिसतं, घरातल्या बायकांचा आवाज ऐकू येतो. गावालाही हे ठाऊक असायचं. तासगावकडच्या एका पारावरच्या म्हाताऱ्यानं असल्या मामाला सरळ विचारलं होतं, "पावणं, म्हस थोरल्या पोराची बघायची का धाकल्याची?"

मग इंटरनेट आलं. लोक नेटवर स्थळं शोधायला लागले, पण शोधणं म्हणजे काय ते कुणाला नीट जमत नव्हतं. मुलाचं नाव टाकलं की लांबलचक यादी यायची. कुठं कबड्डीच्या संघाचा फोटो, कुठं मतदारयादी, कुठं कुणाच्या वाढदिवसाचा फलक. एक उघडायचं, वाचायचं, मागं यायचं, दुसरं उघडायचं. तिसऱ्यापर्यंत मुलीचा बाप कंटाळायचा आणि मला फोन करायचा, "वैनी, तुमीच बघा की." नेटचा हा आळस माझ्या पथ्यावर पडला होता, हे कबूल करायला हवं.

आता गेल्या काही वर्षांत हे एआय आलं आणि यादीच संपली. फोन तोंडासमोर धरायचा, आपल्या भाषेत बोलायचं, की तो एका परिच्छेदात, शुद्ध मराठीत, अगदी ठामपणे उत्तर देतो. काही उघडायचं नाही, काही वाचायचं नाही. आणि माणसाची गंमत अशी, की दहा ठिकाणी वाचलेल्यावर त्याचा विश्वास बसत नाही, पण एका आवाजानं ठामपणे सांगितलं की बसतो. माझ्या खोलीत हल्ली लोक फोन साक्षीदारासारखा टेबलावर ठेवतात. "वैनी, एआयनं सांगितलंय."

त्याचा मला राग आहे, असं मात्र कुणी समजू नये. उलट अर्धं डोकं हलकं झालंय. पूर्वी दिवसभर लोक मला काय वाटेल ते विचारायचे. सगोत्र चालतं का, रक्तगट एक असला तर मुलं होतात का, नोंदणी विवाहाला कागद काय लागतात, कऱ्हाडहून चिपळूणला जायला घाट कुठला. आता ते सगळं फोनला विचारतात. फोन दमत नाही, चिडत नाही, आणि माझा चहा गार होत नाही.

मुलींचा तर खरंच फायदा झालाय. आईला विचारायची लाज वाटते आणि मैत्रिणीला विचारलं तर गावभर होतं, असे प्रश्न त्या फोनला विचारतात. मुलाला भेटल्यावर काय विचारावं, लग्नाआधी कुठल्या तपासण्या करून घ्याव्यात, नोकरीचं आधीच कसं ठरवावं. पूर्वी चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची. आता ती विचारते आणि मुलगा अंगठ्याकडे बघतो.

बायोडेटाचं मात्र वाटोळं झालं. सगळे मुलगे रातोरात "समंजस, ध्येयनिष्ठ आणि परस्परसन्मानावर विश्वास ठेवणारे" झाले. पलूसच्या एका मुलाला मी फोन लावून विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"न्हाई काकू, एआयनं."

"परस्परसन्मान म्हणजे काय रे?"

तो आधी हसला. मग म्हणाला, "बायकूवर खेकसायचं न्हाई, आसं आसंल."

"मग तसंच लिही की."

त्यानं तसं लिहिलं. त्या बायोडेटाला जेवढे फोन आले तेवढे त्या वर्षी दुसऱ्या कुणाला आले नाहीत.

कोरेगाव तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार मुलीसाठी स्थळ बघत होते. सैन्यात आयुष्य गेलेला माणूस, काहीही करायचं तर तयारीनिशी. कऱ्हाडच्या एका इंजिनिअर मुलाला बघायचं ठरलं, तर हे एआयकडून प्रश्न काढून घेऊन आले. "मॅडम, पूरी तयारी झालीय," म्हणाले. त्यांच्या घरी पोह्यांच्या बशा समोर असताना त्यांनी चष्मा लावून सुरुवात केली.

"पुढच्या पाच वर्षांत आपण स्वतःला कुठे पाहता?"

मुलगा म्हणाला, "कऱ्हाडातच."

"मतभेद झाल्यास आपण संवादाची कोणती पद्धत अवलंबता?"

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "आवं सायेब, हे लगीन हाय का भरती?"

मुलानं मात्र प्रामाणिक उत्तर दिलं. "मतभेद झाला की मी गप बसतो." सुभेदारांनी मान हलवली नाही, पण पडद्याआडून त्यांची बायको म्हणाली, "हाच करा." तोच जावई झाला, आणि दोघांचं बरं चाललंय.

जुन्या रीतीबद्दल हळहळणारे लोक मला भेटतात. त्यांना मी एकच सांगते. कवठे महांकाळच्या बाजूच्या एका मुलीचं मीच ठरवलेलं लग्न, शेजाऱ्यानं तिला फिट येते असं सांगितल्यामुळे मोडलं होतं. बांधावरून भांडण होतं, म्हणून तो बोलला. फिट कधीच आली नव्हती. पण पावण्यानं कुणाकडून ऐकलं ते सांगितलं नाही, त्यामुळे खोडायचं कुणाला आणि कसं, हेच त्या घराला कळलं नाही. तिचं पुढं झालं, पण फार उशिरा आणि मनाविरुद्ध. ती अजून बाजारात भेटते, मला ओळख देत नाही. माणसांनी केलेली चौकशी चांगलीच असते असं म्हणणाऱ्यांनी तिच्यासमोर जाऊन म्हणावं.

एवढं सांगितल्यावर आता अण्णांचं सांगते. गेल्या वर्षभरात माझा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागला तो या स्थळात.

अण्णासाहेब खोत हे सांगलीतले बेदाण्याचे व्यापारी. बेदाणा हातात घेतला की त्याचा रंग द्राक्षं सुकवण्याच्या कुठल्या शेडवरचा हे सांगणारा माणूस, पण कुणाच्या शब्दावर माल घेणार नाही, स्वतः पेटी फोडून बघणार. त्यांची मुलगी स्नेहल मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिच्यासाठी मी आष्ट्याच्या अलीकडचं एक स्थळ काढलं होतं, भरतेश पाटील. शेतीची पदवी, घरची ऊसशेती, शिवाय रोपांची नर्सरी. आमच्याकडे शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळवणं किती अवघड झालंय हे वेगळं सांगायला नको. मुलीचे बाप शेती विचारतात, आणि मुलगा मात्र पुण्यात नोकरीला पाहिजे म्हणतात. पण स्नेहलला मुलगा आवडला. पहिल्या भेटीत तिनं त्याला विचारलं होतं, "मी नोकरी सोडणार नाही. तुमच्या आईंना चालेल का?" तो म्हणाला, "आईला मी तुमच्या आधी सांगून ठेवलंय. चालत नसतं तर आम्ही आलोच नसतो." मला तेव्हाच कळलं, जुळलं.

साखरपुड्याचं कार्यालय ठरलं, साड्या आल्या. आणि एका सकाळी मी खोली उघडत होते तोवर अण्णा दारात.

"वैनी, लगीन मोडलं म्हणून कळवा त्यास्नी."

"बसा आधी. काय झालं?"

बसले नाहीत. फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. आतून एका बाईचा गोड आवाज आला. भरतेश पाटील हे सांगली जिल्ह्यातील युवा शेती उद्योजक असून त्यांची रोपवाटिका प्रसिद्ध आहे. त्यांचा विवाह झालेला आहे. एका निवडणुकीतील मारामारीच्या प्रकरणात त्यांचे नाव आले होते.

"ऐकलंसा? लग्न झाल्यालं हाय! आन तुमची डेअरी काय करत हुती?"

डेअरीचा चिमटा मला लागला. त्या गावच्या डेअरीत मी स्वतः जाऊन आले होते. घर चांगलं, मुलगा सरळ, आई कष्टाची, असंच सगळ्यांनी सांगितलं होतं. मी अण्णांना ते सांगितलं.

"डेअरीवाला त्यांच्याच भावकीतला आसणार. फोन कुणाच्या भावकीत न्हाई."

मी त्यांचाच फोन हातात घेतला आणि त्याला विचारलं, हे तू कुठून घेतलंस ते दाखव. एवढं करायचं असतं हे लोकांना माहीतच नसतं. उत्तर ऐकलं की ते थांबतात. फोननं तीन ठिकाणं दाखवली. पहिली आमच्या भरतेशच्या नर्सरीची जाहिरात. दुसरी इचलकरंजीच्या कुणा भरतेश पाटलाच्या लग्नाच्या शुभेच्छा. तिसरी कर्नाटक हद्दीतल्या एका गावातल्या मारामारीची बातमी, त्यातही एक भरतेश पाटील. आमच्या पट्ट्यात जैन घरांतून भरतेश हे नाव आणि पाटील हे आडनाव इतकं आहे, की एखाद्या लग्नाच्या पंगतीत हाक मारली तर चार जण पत्रावळीवरून उठतील. फोननं तिघांचा मिळून एकच नवरदेव केला होता.

मी गाव, तालुका, वडिलांचं नाव घालून पुन्हा विचारलं. आता गोड आवाज म्हणाला, या व्यक्तीबद्दल पुरेशी माहिती उपलब्ध नाही, आधीच्या उत्तरात वेगवेगळ्या व्यक्तींच्या माहितीची सरमिसळ झाली असण्याची शक्यता आहे, क्षमस्व.

मला हायसं वाटलं. म्हटलं, संपलं. पण मी अण्णांना ओळखत नव्हते.

"माफी का मागितली त्यानं?" अण्णा म्हणाले. "चुकलं नसतं तर मागितली असती का? आन चुकलं कवा, काल का आज? वैनी, ज्यानं एकदा शब्द फिरवला त्याच्याकडनं मी माल घेत न्हाई."

"मग कालचा शब्द तरी कशाला घेता?"

"संशयाचा माल घरात नको. बाजारात दुसरा हाय."

स्नेहल दुपारी ड्युटीवरून थेट माझ्याकडे आली. अॅप्रन पिशवीत कोंबलेला होता. रडली वगैरे नाही, ती रडणारी नाही. खुर्चीत बसून म्हणाली, "काकू, मी सकाळपासून लोकांचं रक्त तपासत होते. नळीवर नाव चुकलं तर रिपोर्ट दुसऱ्याला जातो, म्हणून आम्ही नाव, वय आणि नंबर तिन्ही बघतो. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, तू मला शिकवू नकोस." मग म्हणाली, "मी पळून वगैरे जाणार नाही. अण्णा नाही म्हणाले तर नाही. पण मग मला दुसरं स्थळ दाखवू नका. निदान वर्ष-दोन वर्षं तरी."

मुलगी खुळ्यासारखी बोलली असती तर मी समजूत घातली असती. ती शांतपणे बोलली, म्हणून मला भीती वाटली. आणि पलीकडं तो मुलगा. साखरपुड्याच्या तोंडावर मोडलेल्या लग्नाचं कारण कुणी विचारत नाही, लोक ते तयार करतात. त्यात शेती करणारा. त्याला पुन्हा मुलगी मिळणं सोपं नव्हतं.

माझी कामाची एक पद्धत आहे आणि ती सगळ्या गिऱ्हाइकांना पहिल्या दिवशी सांगितलेली असते. होकार फोनवर चालतो. नकारही सुरुवातीला फोनवर चालतो. पण एकदा ठरलेलं मोडायचं असेल तर मोडणाऱ्यानं माझ्याबरोबर समोरच्या घरी जायचं आणि त्यांच्या ओट्यावर बसून स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी निरोप पोचवणार नाही. ही पद्धत मी काही थोर विचारानं घातलेली नाही. निरोप नेणाऱ्या बाईवरच राग निघतो, म्हणून घातली. पण तिचा एक फायदा होतो. समोर बसून बोलायचं म्हटलं की निम्मे लोक घरातून निघतच नाहीत.

अण्णा निघणारे निघाले. "चला," म्हणाले. "मी काय भितोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीतून आम्ही कृष्णेचा पूल ओलांडून आष्ट्याच्या रस्त्याला लागलो. मी मुलाकडच्यांना फक्त "जरा येऊन जातो" एवढंच कळवलं होतं. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना मागं टाकताना अण्णा हॉर्न नको तेवढा वाजवत होते.

भरतेशच्या आईला घरीदारी सगळे आक्का म्हणतात. नवरा लवकर गेला, दोन मुलं तिनं उसाच्या फडात उभं राहून वाढवली. आम्हाला बघून ती ओट्यावरून खाली उतरली, पदर सावरला, "या, या आण्णा. आवं, जेवायला येतो म्हणून अगुदर सांगायचं न्हाई का, पोळ्या टाकल्या आसत्या." थोरली सून पाण्याचे तांबे घेऊन आली. भरतेश नर्सरीत होता, त्याला बोलवायला माणूस गेला.

अण्णा घोंगडीवर बसले. एकदा घसा साफ केला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बोलायचं असेल तर बोलू दे, माझ्याकडे बघून अडायला नको. त्यांनी दुसऱ्यांदा घसा साफ केला, तेवढ्यात आक्काच बोलली.

"आण्णा, आता सोयरंच झालो, म्हणून एक सांगती. हसायचं न्हाई."

"काय?"

"आमी पोरगी बघायला यायच्या अगुदर तुमची बी चौकशी केली हुती. ह्या सुनंनं फोनला इचारलं, ते एआय का काय त्येला. म्हटलं, सांगलीचं अण्णासाहेब खोत, बेदाण्याचं यापारी, कसं हाईत. तर त्येनं सांगितलं, वारलं."

"कोण वारलं?"

"तुमी."

अण्णांच्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

"कुणीतरी दुसरं अण्णासाहेब खोत वारलं आसतील," सून घाईनं म्हणाली. "त्यांच्या निधनाची बातमी हुती. पर आमाला काय ठावं? आन वैनींस्नी आसलं इचारायचं तरी कसं?"

"आमी तुमच्या घरी आलो," आक्का म्हणाली, "तर दारात तुमीच उभं. मी हिला हळूच म्हटलं, चुलता आसंल पोरीचा."

"आन मी म्हटलं, आत्ती, भिंतीवर हार घातल्याला फोटू कुठं दिसंना," सून म्हणाली.

"मग तुमी आत बघून म्हटला, आगं, माझ्या पोरीला बाहेर आण. तवा कळलं, बापच हाय आन जिता हाय."

मला हसू आवरेना. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "म्हंजे तुमी बिनबापाची पोरगी म्हणून बघायला आला हुता?"

"व्हय की."

"मग तिथंच सोडून का दिलं न्हाई? दुसरं स्थळ न्हवतं व्हय?"

आक्कानं त्यांच्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला. "बाप न्हाई म्हणून पोरगी सोडायची? माझी दोन्ही पोरं बापाविना वाढली आण्णा. भरतेशला दोन ठिकानी त्येच कारन सांगून न्हाई म्हटलं. मी उलट म्हटलं, लवकर जाऊ या. तिच्या आईच्या जिवाला एकटीचा घोर आसंल."

मागं कुठं तरी पाण्याची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. अण्णा घोंगडीचे गोंडे बोटांनी विंचरत बसले होते. या माणसाला मी मार्केट यार्डात शंभर माणसांत ओरडताना ऐकलंय. दोघांनाही फोननं खोटंच सांगितलं होतं. त्या बाईनं ते ऐकून चप्पल घातली आणि ती मुलीच्या घरी गेली. आणि हे चप्पल घालून मोडायला आले होते.

भरतेश आला. हाताला रोपांच्या ट्रेमधला कोकोपीटचा भुसा लागलेला, शर्टाची बाही वर केलेली. वाकून नमस्कार करायला लागला तर अण्णांनी त्याला खांद्याला धरून समोर बसवलं.

"भरतेश, खरं सांगायचं. निवडणुकीत कवा मारामारी केलीयास?"

भरतेशनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "न्हाई. एकदा पॅनेलच्या जेवणात अंगावर रस्सा सांडला, तेवढंच."

"आन लगीन झालंय?"

सुनेनं तोंडावर पदर घेतला. भरतेश क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "अजून न्हाई. ते तुमच्या हातात हाय."

आता मात्र आक्काला उमगलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आस्सं! म्हंजे तुमी आज ह्यासाठी आला हुता व्हय? माझ्या पोराची झडती घ्यायला?"

"व्हय," अण्णा म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. "मोडायलाच आलो हुतो."

मला वाटलं, गेलं. ज्या गोष्टीबद्दल मी दोन दिवस तोंड बंद ठेवलं, ती यांनी स्वतःच सांगून टाकली. आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"आवं मग तुमी मेल्यालंच बरं हुता की!"

आधी सून हसली. मग भरतेश. मग अण्णांचं पोट हलायला लागलं आणि ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि आक्कालाच त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं. "थांबा, थांबा," ती म्हणत होती, "साखरपुडा हुईस्तवर तरी टिका."

त्यानंतर आम्ही जेवूनच निघालो. पोळ्या नव्हत्या, भाकरी आणि वांग्याची भाजी होती. नर्सरी बघितली. अण्णांनी टोमॅटोच्या रोपांचा एक ट्रे उचलून मुळं किती भरलीत ते स्वतः बघितलं, मग दुसरा, मग तिसरा. भरतेश एकेक ट्रे हातात देत गेला.

परतताना अण्णांनी हॉर्न वाजवला नाही. पुलापाशी गाडी बाजूला घेतली आणि मला म्हणाले, "वैनी, स्नेहलला लावा फोन. आवाज मोठा करा." मी लावला. पलीकडे लॅबमधल्या कसल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"काय झालं अण्णा?" तिचा आवाज कोरडा होता.

अण्णांना सगळं सांगता आलं नसतं आणि आलं तरी त्यांनी सांगितलं नसतं. ते म्हणाले, "काय न्हाई. साखरपुड्याची तुझी रजा रद्द केली असशील, ती परत टाक."

यंत्राची घरघर थांबली. तिनं ते बंद केलं असावं.

"मी रद्द केलीच नव्हती," स्नेहल म्हणाली.